आमचा खांदा

कॉलेजच्या बेसबॉल संघाचे कोच आमच्या कोल्टनचा खेळ बघायला येणार म्हटल्यावर माझा नवरा ड्वेन सकाळपासून अंगात आल्यासारखा वागत होता. पोराची बॅटांची बॅगही हाच खांद्यावर घेऊन मैदानात शिरला. शिष्यवृत्ती मिळाली तर चारही वर्षांची फी सुटणार होती, म्हणून मी उकडलेल्या शेंगांनी तोंड भरलं आणि गप्प बसले.

खेळ संपल्यावर कोच जाळीपाशी आले आणि त्यांनी कोल्टनला विचारलं, "काय रे, खांदा दुखतो का?"

"छे छे! आमचा खांदा एकदम ठणठणीत आहे," ड्वेन म्हणाला.

"आणि अभ्यास?"

"गणितात जरा कच्चे आहोत, पण आम्ही शिकवणी लावलीय."

"आमच्याकडे येऊन राहायला आवडेल तुला?"

"आवडेल म्हणजे काय! आम्ही तर कपडेसुद्धा भरून ठेवलेत."

कोचनी टोपी काढून डोकं खाजवलं. "शिष्यवृत्ती एकच आहे हो. तुम्हा दोघांपैकी नक्की कोणाला देऊ?"



कोल्टनने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बाबांनाच द्या, सर. चार वर्षं आईला आणि मला घरात शांतता तरी मिळेल."