प्रशीलचा एक्सल

“ड्रायव्हर वाचला ना?” लीलाधरने विचारलं.

धुळ्याच्या भंगार बाजारात ट्रकचा मागचा एक्सल घ्यायचा, तर हा प्रश्न आधी. माल मजबूत आहे की नाही, ते नंतर. भंगारवाल्या दलिचंदशेठचं उत्तरही ठरलेलं असायचं. “एकदम ठणठणीत!” तीस वर्षं ते हेच सांगत आले होते. त्यांचं ऐकलं तर आग्रा रोडवर आजवर एकही ड्रायव्हर मेलेला नव्हता. आज मात्र शेठच्या तोंडून शब्द फुटेना. समोर जुन्या टायरवर त्या ड्रायव्हरची आई बसली होती.

पार्वताबाई सकाळच्या एसटीने भडगावहून आली होती. तिच्या पोराला, प्रशीलला, जाऊन दोन महिने झाले होते. उभ्या ट्रेलरवर त्याचा ट्रक आदळला, केबिन चेपली आणि पोरगा जागच्या जागी गेला. त्याची गाडी एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून ती आली, तर गाडी होती कुठे! केबिन कापून गेली होती, इंजिन गेलं होतं, चाकं गेली होती. उरला होता फक्त मागचा एक्सल. “संध्याकाळपर्यंत कोणी नेला नाही तर हाही कापून भट्टीला जाईल, अक्का,” शेठने तिला सांगितलं होतं. तेव्हापासून ती तिथून हलली नव्हती. पोराची एवढी एक वस्तू तरी रस्त्यावर धावत राहावी, एवढंच तिला हवं होतं.

आणि हे गिऱ्हाईक अडून बसलं होतं. लीलाधर जळगावच्या मेहरूणचा. ट्रकचा मालकही तोच, ड्रायव्हरही तोच. त्याच्या भावाने एकदा मेलेल्या ड्रायव्हरच्या गाडीचं स्टिअरिंग बसवलं आणि महिन्याच्या आत पाय गमावला. तेव्हापासून लीलाधरने कानाला खडा लावला होता. त्याची गाडी एक्सल तुटून शेजारच्याच गॅरेजात उभी होती, माल पोचवायची घाई होती, तरी तो म्हणाला, “शेठ, गप्प का? गेला असेल तर सरळ सांगा. मी दुसरीकडे बघतो.”

पार्वताबाई रोज संध्याकाळी पंचशील म्हणणारी बाई. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील ती नुसतं म्हणत नसे, पाळायची. त्यापायी निम्मी भावकी तिच्यावर नाराज होती. शकुन-अपशकुनाचं तर तिने घरात नावही निघू दिलं नव्हतं. एरवी तिने लीलाधरला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण वाद घातला असता तर हा माणूस निघून गेला असता.

“वाचना भाऊ, जित्ता शे,” ती म्हणाली. “मी त्यानी माय शे. पायले लागेल शे जरासं, बाकी बठ्ठं बरं शे. घरमाच शे तो.”

दलिचंदशेठ मान खाली घालून उगाचच खिशातली किल्ली शोधू लागले.

शेजारच्या गॅरेजातल्या शालिग्राम मिस्त्रीने लीलाधरची गाडी जॅकवर उचलली, तुटका एक्सल खाली घेतला, स्प्रिंगच्या पाट्यांखाली प्रशीलच्या गाडीचा सरकवला. दुपारभर काम चाललं. पार्वताबाई गॅरेजच्या दारात बसून बघत होती. लीलाधर आता चांगलाच खुलला होता. पोराचं नाव काय, गाडी किती वर्षं चालवतो, लग्न झालं का, असं एकेक विचारत होता आणि ती सांगत होती. दोन महिन्यांत प्रशीलबद्दल कोणी ‘होता’ सोडून बोललंच नव्हतं. इथे तो गाडी चालवतो, हसतो, भाकरीबरोबर ठेचा मागतो. आपण खोटं बोलतोय हे तिला कळत होतं, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी शेवटचा नट आवळला गेला. लीलाधरने चाकापुढे नारळ फोडला.

“मावशी, बरा झाला की पाठवा माझ्याकडे. चांगला ड्रायव्हर मिळत नाही हल्ली. नंबर सांगा त्याचा.”

खोट्याची सवय नसलेल्या माणसाला पुढचं खोटं वेळेवर सुचत नाही. पार्वताबाईला एकच नंबर तोंडपाठ होता. तिने तो सांगून टाकला.

“मिस कॉल देतो, म्हणजे माझा नंबर जाईल त्याला,” लीलाधर म्हणाला.

फोन तिच्या मांडीवरच्या पिशवीत वाजला.

पोलिसांनी प्रशीलचा फोन परत दिल्यापासून ती तो रोज चार्ज करायची आणि कुठेही जाताना बरोबर घ्यायची. आता तिने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरली. आवाज काही थांबेना. शालिग्रामच्या हातातला पाना तसाच राहिला. लीलाधरने पिशवीकडे पाहिलं, मग गाडीखाली पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“लीलाधरभाऊ,” मिस्त्री हळूच म्हणाला, “खोलू का परत?”

फोन वाजून वाजून बंद झाला. मग लीलाधरने आपला मोबाइल खिशात टाकला, तो केबिनमध्ये चढला आणि खिडकीतून वाकून म्हणाला,

“उचलत नाही, मावशी. झोपला असेल. उठवू नका त्याला.”