लाल पाकीट

बाबांच्या शवपेटीशी आम्ही पांढऱ्या कपड्यांत उभे होतो. बाहेर अर्धं हाँगकाँग रांगेत होतं. त्यांचे जुने दिग्दर्शक क्वोककाका आले, त्यांनी खिशातून शुभप्रसंगी पैसे घालून देतात तसं लाल पाकीट काढलं. आत्या भडकली, "मयताला लाल? अक्कल गहाण टाकलीत का, क्वोकदादा?" "अगं, पडद्यावर मेलेल्या नटाला हे द्यावंच लागतं, नाहीतर मरण त्याला चिकटतं. शेवटच्या सिनेमात मीच याला मारलं. पाकीट द्यायला गेलो, तर हसला. म्हणाला, 'पुढच्या मरणाला दोन्ही पाकिटं एकदम दे.' मी ऐकलं, गाढवासारखं!" आजार बाबांना तेव्हाच कळला होता, हे मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. मग मी पाकीट घेऊन बाबांच्या बाहीत सरकवलं. काका पेटीवर वाकले आणि सेटवरच्या सवयीने म्हणाले, "कट! ऊठ रे आता." आम्ही सगळ्यांनी, आत्यानेसुद्धा, क्षणभर वाट पाहिली.