रापी

छंद म्हणून चामड्याचं पाकीट शिवायला बसलेल्या वर्षालीनं कटर बाजूला ठेवला आणि बाजारातून आणलेली रुंद पात्याची रापी उचलली. दारात उभ्या देवानंदजींना दिसलं, तिचा अंगठा नेमका पात्यासमोर आहे. पण बोललं तर ती विचारणार, तुम्हाला कसं माहीत? तीस वर्षं अकोल्यात कारकुनी करताना त्यांनी हाच प्रश्न टाळला होता.

वर्षालीनं जोर लावला.

"थांब! अंगठा जाईन तुहा!"

त्यांनी रापी हिसकली, खाली बसून चामडं पायाखाली दाबलं आणि एका दमात सरळ कापलं.

"बाबा, तुमाले कसं मालूम?"

देवानंदजींनी मान वर केली नाही.

"माह्या बापानं शिकवलं. पातूरच्या बाजारात जोडे शिवत होतो आमी."