साखर उतरली

"साखर उतरली हो, डॉक्टर! आपोआप!" शिंपीमास्तरांनी खुर्चीत टेकायच्या आधीच जाहीर करून टाकलं.

शेजारी उभी असलेली बायको गालातल्या गालात हसली. आपोआप म्हणे! इतकी वर्षं नाक दाबून कारल्याचा रस कोणी पाजला? साखरेचा डबा कडीकुलपात कोणी ठेवला? चारचौघांत "ह्यांना बिनसाखरेचा" म्हणून वाईटपणा कोणी घेतला? पण आज तिनं वाद घातला नाही. इन्सुलिन निम्म्यावर आणलं तरी आकडा खालीच राहत होता. कष्टांचं चीज झालं होतं, आणखी काय हवं?

"आणि अंगही भरलंय," मास्तर सांगत होते. "उभा जन्म लोकांच्या विजारी उसवून सैल केल्या. माझी स्वतःची पहिल्यांदाच."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. वाकून त्यांनी मास्तरांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. मग कालचे रिपोर्ट उलटसुलट पाहून त्यांनी मास्तरांना नर्सबरोबर पडद्याआड ईसीजी काढायला पाठवलं.

"बसा, मावशी."

ती बसली, कौतुक ऐकायच्या तयारीनं.

"ही साखर पथ्यानं उतरलेली नाही. किडन्या गेल्यात त्यांच्या. टोचलेलं इन्सुलिन शरीरातून काढून टाकायचं काम किडन्यांचं. त्या थकल्या की ते अंगातच रेंगाळतं, आणि साखर खाली येते. अंगही भरलेलं नाही. पाणी साठलंय. मागच्या खेपेला बोलावलं होतं मी, आला का नाहीत?"

"साखर उतरली म्हटल्यावर आम्हाला वाटलं, आता कशाला..." तिनं मांडीवरची पर्स जवळ ओढली. "मग ते मशीनवर रक्त धुतात, ते?"

"कालच्या तपासणीत दिसलं, हृदय फार दमलंय हो. मशीन सोसणार नाही त्यांना. मोठ्या डॉक्टरांशीही बोलले मी सकाळी. तेही हेच म्हणाले."

पडद्याआड मास्तर नर्सची फिरकी घेत होते. "ह्या कोटाची बाही कोणी लावली हो? डावी उजवीकडे! आणून द्या उद्या, फुकटात सरळ करून देतो."

शर्टाची बटणं लावत ते बाहेर आले. "काय मग, डॉक्टर? आता आमचा चहा गोड व्हायला हरकत नाही ना? एकच चमचा! ह्या बाईनं जन्मभर काढा पाजलाय मला."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "घ्या. एक काय, दोन घ्या."

मास्तरांनी चक्क टाळी वाजवली. "ऐकलंस? काढ आता ती डब्याची किल्ली!" आणि लहान पोरासारखे खुशीत ते दाराकडे निघाले. दाराशी चपलेत पाय घालू लागले. सुजलेला पाय काही आत जाईना.

बायको उठली नाही. किल्लीची पर्स तिनं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती. ती टेबलावरून पुढे वाकली.

"डॉक्टर," ती हलकेच म्हणाली, "त्यांना नको म्हणा ना. नेहमीसारखं रागावून नको म्हणा."