बेगमेचा अबोला

“शपथेवर सांगितलं तरी तुम्हाला पटायचं नाही, पण हे भांडण मी लावलंय,” पगडीकाका टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाले.

पडद्यावर बेगम बादशहाकडे पाठ करून बसली होती. त्याला जे सांगायचं ते ती दासीला सांगत होती. बादशहा दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ऐकत होता.

शेजारच्या शिंपीणबाई हातातलं काम बाजूला ठेवून पुढे सरकल्या. समोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने टीव्हीचा आवाज कमी केला. मुघलांची मालिका काय, घरोघरी दिसते. ही दोघं रोज संध्याकाळी इथे यायची ती काकांच्या थापांसाठी. त्या मालिकेतल्या अख्ख्या दरबाराच्या पगड्या काकांनी बांधल्या होत्या, एवढं खरं. पुढचं ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर.

“लेखिका बिचारी रडकुंडीला आलेली. बेगम रुसली असं लिहून मोकळी झाली, पण का रुसली ते सुचेना. दिग्दर्शक म्हणे, सवत आणा! मी तिथेच बादशहाच्या डोक्यावर पगडीचा शेवटचा पेच घेत होतो. म्हटलं, बाई, सवतीवरून बायको आदळआपट करते, मुकी होत नाही. तिचा मुलगा लांबच्या सुभ्यावर धाडा. आणि धाडताना तिला विचारू नका.”

“हे तुमच्या घरचंच झालं की, काका,” कंपाउंडर बोलून गेला. शिंपीणबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

“त्यांचं घर काय नि आमचं काय! फरक फक्त हत्तींचा,” काका हसले, आणि त्यांनी हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून घेतलं.

दारात कोणी नव्हतं. आत काकू भांडी लावत होत्या.

मुलाची परदेशातली नोकरी काकांनी परस्पर ठरवली होती. तिकीटही काढून झालं होतं. काकूंना कळलं ते बॅग भरायच्या वेळी. मुलगा गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हापासून काकू साऱ्या जगाशी बोलत, काकांशी नाही. पीठ संपलं की खिडकीतल्या कुंडीला सांगत, “पीठ संपलंय बरं का.” मग काका कुंडीच्या वतीने पिशवी उचलत. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, सदऱ्याचं बटणसुद्धा तुटायच्या आत पक्कं. तक्रार करायला जागा नव्हती.

नव्हती ती फक्त कात्री. पूर्वी काका रंगात आले की काकू आतून त्यांची थाप कापत. काका म्हणत, “त्या पगडीला शंभर हात कापड लागलं!” आतून आवाज येई, “जळ्ळं मेलं ते शंभर! मीच वाळत घातलंय, एका दोरीवर मावतं.” लोक पोट धरून हसत आणि सगळ्यांत जास्त काका. आता त्यांना कोणी अडवत नव्हतं. म्हणून थापा बेफाम वाढल्या. काकांनी हत्तीला पगडी बांधली. बादशहाचा घोडा काकांनी चुचकारल्याशिवाय पाऊल टाकेना. परवा तर बेगम काम सोडून त्यांच्याकडे पगड्या शिकायला येणार होती. अशी एकेक थाप सोडून काका जरा थांबत, दाराकडे कान देत. आतून नुसता भांड्यांचा आवाज येई. मग त्यांना गोष्ट पुढे न्यावीच लागे.

पडद्यावर शहजादा निघाला. फौज हलली, धूळ उडाली. बेगम जाळीआडून बघत राहिली. बादशहा सज्जात भाल्यासारखा ताठ. डोळे कोरडे.

“काय मेलं दगडाचं काळीज!” शिंपीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “पोर चाललंय आणि हा खांबासारखा उभा!”

“मीच उभा केला तसा,” काका म्हणाले. “नट रडायच्या बेतात होता. म्हटलं, डोक्यावर पगडी आहे तोवर डोळ्यांत पाणी नाही आणायचं. बापाचं काळीज असंच असतं. मी नाही पोराला पाठवला? हसत हसत पाठवला.”

“अगदीच रडला नाहीत?” शिंपीणबाईंनी विचारलं.

“छे! त्याची विमानतळाकडे जाणारी गाडी हलली तेव्हा मी तिथे नव्हतोच मुळी. उकडत होतं म्हणून एस.टी. स्टँडच्या मागच्या नळावर गेलो होतो. काय पाणी हो ते! बर्फासारखं गार. तोंडावर एक ओंजळ मारली, दुसरी मारली, नळ सोडवेना. रुमाल भिजला, सदरा भिजला. परत आलो तर लोकांना वाटलं, म्हातारा रडून आला. लोकांचं काय, ओला चेहरा दिसला की झालं.”

कंपाउंडर हसला. शिंपीणबाई हसल्या नाहीत. काकांनी या वेळी दाराकडे पाहिलं नाही. ते पडद्यावरच्या धुळीकडे बघत राहिले. शहजादा केव्हाच दिसेनासा झाला होता.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

काकू दारात आल्या. हात ओले होते, तसेच. त्यांनी शिंपीणबाईंकडे पाहिलं नाही, कंपाउंडरकडे नाही, कुंडीकडेही नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “त्या नळाला पाणी नव्हतं.”