तासाभराचा आवाज

इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळानं राजेश्वरीच्या पापण्या हळूहळू वर गेल्या. कित्येक दिवसांनी तिला बोटांनी पापणी न उचलता समोरचं दिसलं. टेबलापलीकडं बारामतीचे डॉक्टर, दाराशी नवरा युवराज, शेजारच्या खुर्चीत सासू ठमाबाई.

“आता कसं वाटतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“तिला काय इचारताय?” ठमाबाईच बोलली. “सकाळी बरी असती. दुपार कलली की सोंग सुरू. नाकातनं बोलायचं, घास तोंडात धरून बसायचं...”

“आत्याबाई.”

राजेश्वरीचा आवाज खणखणीत होता.

“मी सोंग करत न्हवते. घास खाली उतरतच न्हवता.”

डॉक्टर युवराजकडं वळले. “हिच्या स्नायूंना नसांचा निरोप पोचत नाही. हिच्याच रक्तातली प्रतिपिंडं वाट अडवतात. रोगाशी लढायचं सोडून ती हिच्यावरच उठलीत. हे इंजेक्शन फक्त खात्री करायला दिलं, त्याचा असर तासा-दोन तासांत उतरेल. पुण्यात रक्तातला तो भाग यंत्रानं काढून टाकतात. पुढं गोळ्या, बरीच वर्षं.”

“आठवडाभर थांबलं तर चालंल का? उसाला तोड आलीय.”

“आज गिळता येत नाही. उद्या श्वासाचे स्नायू थकले तर?”

युवराजनं आईकडं पाहिलं. आई जमिनीकडं बघत होती.

राजेश्वरी उठून उभी राहिली. “मी आजच जाणार. तुमाला जमत नसंल तर कन्हेरीवरनं, माझ्या माहेरनं, दादाला बोलवा. आवाज हाय तवर सांगून ठिवते. नंतर मला बोलता यायचं न्हाय, तवा तुमीच काहीबाही ठरवाल.”

“न्हाय, न्हाय,” युवराज म्हणाला. “मी येतो. गाडी कधी हाय बघतो.” तो बाहेर गेला.

दोघी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसल्या. ठमाबाईनं पिशवीतलं फडकं सोडलं, भाकरीवर कालवण घातलं आणि बोटांनी कुस्करून मऊ केलं.

“तुझी पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. तिची काळजी करू नगं,” ती म्हणाली. “खा. घास उतरतोय तवर पोटभर खा.”

राजेश्वरी जेवू लागली. ठमाबाई तिच्या गळ्याकडं बघत होती. एक घास खाली गेलेला दिसला की दुसरा पुढं करत होती.