नासारियोच्या बहिणी

"लाल," ती बाई म्हणाली. "लाल दोरा होता."

"या तुम्ही," डोन्या कासिल्दा म्हणाली आणि पुन्हा सुईत डोकं घातलं.

"अहो, भेटू तरी द्या. सख्खी मोठी बहीण आहे मी त्याची."

"त्याच्याहून दहा वर्षांनी लहान दिसता. जन्माच्या आधीच सांभाळलंत वाटतं त्याला? जाताना दार ओढून घ्या."

नासारियोचा नवा सिनेमा लागल्यापासून स्टुडिओत रोज हेच चाललं होतं. सिनेमात तो बस कंडक्टर होता आणि लहानपणी ताटातूट झालेली बहीण त्याला शेवटी बाजारात तामाले, म्हणजे मक्याचे वाफवलेले उंडे, विकताना सापडत होती. अख्खा मेक्सिको हसता हसता रडला होता. त्यात नासारियो खरोखरच अनाथाश्रमात वाढलेला. मलाही असेल कुठे एखादी बहीण, असं तो रेडिओवर सहज बोलून गेला आणि देशभरातून बहिणी यायला लागल्या. एक तर साक्षीला पाद्री घेऊन आली होती.

त्यांना वाटेला लावायचं काम कपडेपटातल्या कासिल्दाकडे होतं. नासारियो गल्लीबोळांतल्या तंबूंत नकला करायचा तेव्हापासून त्याचे कपडे तीच शिवायची. बाई जिभेची तिखट, पण त्याच्यावर जीव टाकायची. बहिणींना ती एकच प्रश्न विचारी. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या नासारियोच्या मनगटाला हरिणडोळ्याची बी बांधली होती, ती कसल्या दोऱ्यात ओवली होती? ती बी लाल दोऱ्यातच ओवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे सगळ्या जणी विचार न करता उत्तर देत आणि तिथेच फसत.

त्या दिवशी दुपारी आपिसाकोहून एक बाई आली. नाव ओतिलिया. स्टेशनवर कॉफी विकायची. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"मला काही नको आहे," ती म्हणाली. "त्याचा पैसा नको, त्याच्यासोबत फोटो नको. त्याला फक्त जाब विचारायचा आहे."

"आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या," म्हणत कासिल्दानं प्रश्न विचारला.

"निळ्या," ओतिलिया म्हणाली. "लाल दोरा मिळाला नाही, म्हणून आईनं शालीची दशी ओढून काढली. शेजारणी म्हणाल्या, निळ्याला दृष्ट घाबरत नाही. आई म्हणाली, नको घाबरू दे, मी आहे ना. सहा वर्षांची होते मी, पण आठवतंय."

कासिल्दाची सुई थांबली. पहिल्यांदाच तिनं समोरच्या बाईकडे नीट पाहिलं.

"घरी जा," ती म्हणाली. "तो सुखात आहे. त्याला तुझी गरज नाही. साडेचारची गाडी मिळेल तुला."

"म्हणजे उत्तर बरोबर आहे."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही नाहीही म्हटलं नाहीत. मी इथून हलणार नाही. शिपायाला बोलवा, उचलून बाहेर टाका, मी फाटकावर बसेन."

तेवढ्यात तोंडाला रंग फासलेला नासारियो सदऱ्याचं बटण लावून घ्यायला आत आला. ओतिलियानं त्याला श्वासही घेऊ दिला नाही.

"रेडिओवर काय बोललास तू? आईला नाचायला जायची घाई होती, म्हणून तिनं तुला अनाथाश्रमाच्या पायरीवर ठेवलं? सगळा देश हसला. माझ्या टपरीसमोर लोक हसले."

"बाई, तो विनोद..."

"माझ्या आईचा विनोद करायचा नाही. तुझ्याही. क्रांतीच्या धामधुमीत स्टेशनात गोळीबार झाला. तू शेजारणीच्या कडेवर होतास, ती गर्दीत हरवली. आईनं मला गाडीत मावशीच्या हवाली केलं आणि तुला शोधायला परत फिरली. शोधता शोधताच टायफसनं गेली. तुझ्यासाठी मेली ती. आता जा आणि त्याच रेडिओवर आपला शब्द मागे घे. तू केवढाही मोठा नट असलास तरी मी तुला घाबरत नाही."

सिनेमात बहीण भेटल्यावर नासारियो ढसाढसा रडला होता. इथे त्याला रडूही येईना. त्यानं ओतिलियाचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"आज रात्रीच बोलतो," तो म्हणाला. "आठ वाजता माझा कार्यक्रम आहे. माझी आई देवमाणूस होती, माझ्यासाठी तिनं जीव दिला, हे साऱ्या देशाला सांगतो. चालेल?"

"चालेल," ओतिलिया म्हणाली आणि आता कुठे बसली. तिचे डोळे वाहत होते, मान मात्र ताठ होती.

"डोन्या कासिल्दा, ही उतरली का तुमच्या परीक्षेत?"

"उतरली."

नासारियो ओल्या डोळ्यांनी हसला. "मला वाटायचं, तुम्ही त्यांना हाकलायला मनाला येईल ते विचारता. तुमचा तो प्रश्न आहे तरी काय?"

ओतिलियानं सांगितलं.

"दोरा?" तो म्हणाला. "पण अनाथाश्रमाच्या नन्सना मी सापडलो तेव्हा माझ्या अंगावर एका गोणपाटाशिवाय काहीच नव्हतं. बी नाही, दोरा नाही. मला स्वतःलाच हे माहीत नाही. तुम्हांला कोणी सांगितलं?"

कासिल्दानं हातातला कोट खाली ठेवला. ती उठून उभी राहिली आणि दोघांकडे सरळ पाहत राहिली.

"आज रात्री काही मागे घेऊ नकोस, पोरा. पायरीचं तू बोललास ते खरं आहे." मग ती ओतिलियाकडे वळली. "आणि मी मेले असं तुला सांगायला, तुझ्या मावशीला मीच सांगितलं होतं."